इशारा यंत्राचा, जबाबदारी कुणाची?

(समुपदेशन केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



काल संध्याकाळी आपली चर्चा बरीच तापली होती. विषय होता तो नवा मसुदा. केंद्रात आलेल्या बाईला वीस-बावीस प्रश्न विचारायचे, उत्तरं संगणकात भरायची, आणि संगणक सांगणार की हिच्या जिवाला धोका किती. हिरवा, पिवळा की लाल. आपल्यातल्या काहीजणी म्हणाल्या, हे फार बरं होईल, निदान एखादी बाई नजरेतून निसटणार नाही. काहीजणी म्हणाल्या, बाईचं दुःख कधी यंत्रानं मोजलंय का? आणि मग मागून एक वाक्य आलं, ते माझ्या डोक्यात रात्रभर राहिलं. "अहो, आता विमानंसुद्धा संगणक सांभाळतो. तिथे चालतं, तर आपल्याकडे का नाही चालणार?"

मी त्यावर बोलणार आहे. विमानांवरच बोलणार आहे. तुम्हाला वाटेल, ही समाजकार्य शिकलेली बाई, हिचा विमानांशी काय संबंध? संबंध एवढाच की शाळेत माझ्याबरोबर असलेली एक मैत्रीण आज हवाई वाहतूक नियंत्रक आहे. कुठल्या विमानतळावर ते सांगत नाही, तिची नोकरी आहे. तिच्याकडून ऐकून ऐकून मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. अपघातांचे चौकशी अहवाल वाचले. आणि वाचताना सारखं वाटत राहिलं, की हे आपल्या केंद्राबद्दल लिहिलंय.

आधी एक गैरसमज दूर करू. विमानं संगणक सांभाळत नाही. आकाशातल्या विमानांना कुणी कुठे, किती उंचीवर जायचं, हे आजही माणूस सांगतो, तोंडानं, रेडिओवरून. अंधारलेल्या खोलीत पडद्यासमोर बसलेली बाई किंवा पुरुष. माझी मैत्रीण म्हणते, "अगं, पडद्यावर जे दिसतं ते अर्धंच. बाकीचं चित्र डोक्यात असतं. कोण येतंय, कुणाला मी काय सांगितलंय, दोन मिनिटांनी कोण कुठे असेल." एकीची वेळ संपून दुसरी बसते तेव्हा ती लगेच उठून जात नाही. दोघी शेजारी शेजारी थांबतात, ते डोक्यातलं चित्र एकीकडून दुसरीकडे जाईपर्यंत.

मग संगणक काय करतो? तो तपासतो. नियम असा, की लांबच्या मार्गावर दोन विमानांत साधारणपणे पाच सागरी मैलांचं आडवं अंतर हवं, नाहीतर हजार फुटांचं उभं अंतर हवं. रडारवरून विमानाची जागा कळते. विमानातलं एक उपकरण आपली उंची खाली कळवत असतं. संगणक या दोन्हींवरून पुढचा हिशोब मांडतो: हे असेच चालत राहिले तर दोनेक मिनिटांत फार जवळ येतील का? येणार असतील तर पडद्यावर ती दोन विमानं लाल होतात, लुकलुकतात, कुठे कुठे घंटा वाजते. दुसरी तपासणी जमिनीची. विमान डोंगराच्या किंवा जमिनीच्या फार जवळ उतरतंय का, हे ती बघते. तिसरी धावपट्टीची. एक विमान उतरायला येतंय आणि पट्टीवर दुसरं उभं आहे का? अलीकडे याहून लांबचं बघणाऱ्या यंत्रणा आल्या. इंग्लंडमध्ये स्वॉनविक इथल्या केंद्रात २०११ मध्ये अशी एक सुरू झाली, ती अठरा मिनिटांपर्यंत पुढचं बघते. नियंत्रकाला तिथे आधी विचारून पाहता येतं: मी या विमानाला वर चढायला सांगितलं तर कुणाच्या आड येईल का? संगणक उत्तर देतो. परवानगी द्यायची की नाही, ते मात्र माणूस ठरवतो.

माझा या यंत्रांना विरोध नाही, हे आत्ताच सांगून टाकते. यंत्र म्हटलं की आपल्या चळवळीत नाक मुरडायची पद्धत आहे. ती इथे सोडावी लागेल, कारण यंत्र नसल्यामुळे काय झालं याचं एक उदाहरण आपल्या देशातलंच आहे. १२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीहून सौदी अरेबियाचं मोठं विमान निघालं होतं. त्यातले बरेचसे प्रवासी आपले मजूर, कामासाठी आखाताकडे निघालेले. समोरून कझाकस्तानचं विमान दिल्लीत उतरायला येत होतं. नियंत्रकानं एकाला १४ हजार फुटांवर ठेवलं होतं, दुसऱ्याला १५ हजार फुटांवर राहायला सांगितलं होतं. समोरून विमान येतंय हेही त्याला सांगितलं होतं. तरी कझाक विमान सांगितलेल्या उंचीच्या खाली आलं. हरियाणात चरखी दादरीच्या वर दोन्ही विमानं आदळली. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही.

त्या वेळी दिल्लीच्या रडारवर विमानाची उंची दिसतच नव्हती. ठिपका दिसायचा. तो ठिपका किती उंचीवर आहे, हे वैमानिक सांगेल ते खरं मानायचं. नवी यंत्रणा येऊ घातली होती, आली नव्हती. आणि येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना मार्ग एकच, कारण बाकीचं बरंचसं आकाश हवाई दलाकडे. म्हणजे नियंत्रक बिनचूक सूचना देतोय, पण त्या पाळल्या जातायत का, ते तपासायचं साधन त्याच्या हातात नाही. आपल्यातल्या किती जणींना हे ओळखीचं वाटतं? न्यायालयाचा संरक्षणाचा आदेश हातात असतो, आणि नवरा त्याच घरात परत शिरलाय की नाही हे कळायला आपल्याकडे काहीही नसतं. चरखी दादरीनंतर येण्याजाण्याचे मार्ग वेगळे केले गेले, आणि प्रवासी विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा भारतात सक्तीची झाली. ३४९ माणसं गेल्यावर.

आता एका बाईची गोष्ट सांगते. १ फेब्रुवारी १९९१, लॉस एंजेलिस. संध्याकाळचे सहा वाजून गेलेले, अंधार पडलेला. मनोऱ्यात एक स्त्री नियंत्रक काम करत होती. तिनं एका लहान विमानाला धावपट्टीवर जाऊन थांबायला सांगितलं. मग दुसरं एक विमान चुकीच्या वारंवारितेवर गेल्यामुळे उत्तर देईना, ती त्याच्या मागे लागली. मध्येच कागदी पट्टीचा घोळ. तेवढ्यात तिनं एका मोठ्या विमानाला त्याच पट्टीवर उतरायची परवानगी दिली. ते उभ्या असलेल्या लहान विमानावर येऊन आदळलं. ३५ माणसं गेली.

वर्तमानपत्रांतून लगेच काय आलं असेल, तुम्ही कल्पना करू शकता. विसरली. बाई विसरली. पण अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं जो निष्कर्ष लिहिला, तो मी तुम्हाला माझ्या शब्दांत सांगते. माणूस विसरणारच, हे गृहीत धरून दुसरी तपासणी असायला हवी होती. तशी व्यवस्था मनोऱ्याच्या व्यवस्थापनानं केली नाही, आणि वरच्या खात्यानंही तसं धोरण घालून दिलं नाही. जमिनीवरची विमानं दाखवणारं रडार त्या दिवशी बंद होतं. दिव्यांच्या झगमगाटामुळे मनोऱ्यातून ती जागा नीट दिसत नव्हती. तिच्या कामातल्या काही उणिवा वरिष्ठांनी आधीच्या मूल्यमापनात नोंदवल्या होत्या, पण त्यावर पुढे काहीच केलं नव्हतं. मला त्या अहवालाबद्दल आदर वाटतो. तिची चूक त्यांनी लपवली नाही, आणि सगळं ओझं तिच्या एकटीच्या डोक्यावरही ठेवलं नाही.

तर यंत्र हवं. मग प्रश्न सुटला? इथून पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

६ ऑगस्ट १९९७, प्रशांत महासागरातलं ग्वाम बेट. कोरियाचं विमान रात्री पावसात उतरत होतं. टेकडीवर आदळलं. २५४ पैकी २२८ जण गेले. त्या विमानतळावर तो जमिनीचा इशारा देणारी यंत्रणा होती! पैसे खर्च करून बसवलेली. पण ती उगाच फार वेळा वाजायची, म्हणून तिचा कार्यक्रम असा बदलून ठेवला होता, की विमानतळाभोवतीच्या जवळजवळ सगळ्या भागात ती गप्प राहील. खोट्या घंटांचा त्रास गेला, आणि खरी घंटाही गेली. कुणी दुष्टपणानं केलं नव्हतं हे. रोज दहा वेळा उगाच वाजणारी घंटा कुणालाही नकोशी होते. उद्या आपला संगणक दर तिसऱ्या बाईला लाल दाखवायला लागला तर पोलीस ठाण्यातला हवालदार त्या लालकडे किती दिवस बघेल? आणि मग कुणीतरी साहेब म्हणेल, जरा मर्यादा वर न्या. ती मर्यादा कुणी, कधी, कशासाठी वर नेली, हे आपल्याला कुणी सांगणार आहे का?

आता युबरलिंगन. हे जरा सविस्तर सांगते, घाई करणार नाही.

१ जुलै २००२, रात्रीचे साडेअकरा. जर्मनीच्या दक्षिण टोकाला युबरलिंगन नावाचं गाव आहे, मोठ्या सरोवराच्या काठी. तिथलं आकाश सांभाळायचं काम स्वित्झर्लंडच्या झुरिक केंद्राकडे होतं. एक रशियन विमान मॉस्कोहून बार्सेलोनाला निघालं होतं, त्यात उफा शहरातली शाळकरी मुलं, सुट्टीच्या सहलीला. दुसरं मालवाहू विमान, इटलीतून ब्रुसेल्सला. दोन्ही ३६ हजार फुटांवर, एकमेकांचा मार्ग छेदणारी.

झुरिकच्या खोलीत त्या वेळी एकच नियंत्रक होता. रात्रपाळीला नेमलेले दोघे. पण रात्री विमानं कमी, म्हणून एकानं विश्रांतीला जायचं आणि दुसऱ्यानं दोघांचं काम बघायचं, ही तिथली रूढ पद्धत. कागदावर कुठे नव्हती, पण व्यवस्थापनाला माहीत होती आणि चालत होती. त्याच रात्री यंत्रांच्या देखभालीचं काम काढलेलं. मुख्य रडार-संगणक कमी ताकदीवर चालवलेला, त्यामुळे पडद्यावर लाल होणारा तो टकरीचा इशारा बंद. इशारा बंद आहे हे नियंत्रकाला कुणी नीट सांगितलेलं नाही. मुख्य टेलिफोन त्याच कामासाठी बंद. पर्यायी लाइन होती, ती नादुरुस्त.

तो एकटा माणूस दोन पडदे सांभाळत होता. एक उशिरा आलेलं विमान जवळच्या छोट्या विमानतळावर उतरवायचं होतं. त्या विमानतळाला फोन लावतोय, लागत नाही, पुन्हा लावतोय. इकडे ती दोन विमानं जवळ येतायत. शेजारच्या कार्ल्सरूह केंद्रात, जर्मनीत, त्यांच्या पडद्यावर मात्र इशारा चालू होता. टकरीच्या दोन मिनिटं आधी तिथल्या नियंत्रकाला दिसलं. त्यानं झुरिकला पुन्हा पुन्हा फोन लावला. लागलाच नाही.

टक्कर व्हायला पाऊण मिनिटसुद्धा उरलेलं नसताना झुरिकच्या नियंत्रकाच्या लक्षात आलं. त्यानं रशियन विमानाला सांगितलं, खाली या. आणि नेमकं त्याच सुमाराला विमानातली स्वतःची यंत्रणा बोलली. ही यंत्रणा अशी असते, की दोन विमानं एकमेकांशी परस्पर ठरवतात, एकानं वर जायचं, एकानं खाली. तिनं मालवाहू विमानाला सांगितलं खाली जा, आणि रशियन विमानाला सांगितलं वर जा. मालवाहू विमानानं यंत्राचं ऐकलं. रशियन वैमानिकानं माणसाचं ऐकलं. दोघंही खाली गेले. झुरिकच्या खोलीत आवाजाची घंटा तेवढी चालू होती, ती बत्तीस सेकंद आधी वाजली. ऐकल्याचं कुणाला आठवत नाही. ऐकायला होतंच कोण, तो एकटा, कानात रेडिओ.

७१ जण गेले. त्यात बहुतेक मुलं.

त्या नियंत्रकाची चूक होती का? होती. उशिरा बघितलं. पण आता मोजा: दुसरा माणूस नाही, पडद्यावरचा इशारा नाही, तो नाही याची माहिती नाही, फोन नाही, पर्यायी फोन नाही, आणि यंत्र नि माणूस वेगवेगळं बोलले तर कुणाचं ऐकायचं याचा पक्का नियम नाही. हे सगळं कुणीतरी वर बसून ठरवलेलं किंवा ठरवायचं राहून गेलेलं. खाली शेवटी बसलेला एक माणूस, आणि नाव त्याचं.

पुढचं आणखी वाईट आहे. फेब्रुवारी २००४ मध्ये, त्या अपघातात बायको आणि दोन्ही मुलं गमावलेला एक बाप त्या नियंत्रकाच्या घरी पोचला, आणि बायकोमुलांसमोर त्याला भोसकून मारलं. त्या बापाच्या दुःखाबद्दल मी एक शब्द वावगा बोलणार नाही. पण शिक्षा भोगून परत आल्यावर त्याच्या गावी त्याचं वीरासारखं स्वागत झालं, त्याला सरकारी पद मिळालं. कुटुंबासाठी सूड घेतो तो खरा पुरुष, हे आपल्याला परदेशातून शिकायची गरज नाही. मेलेल्या नियंत्रकाची बायको आणि तीन मुलं त्या कौतुकात कुठेच नव्हती. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयानं त्या कंपनीतल्या चौघांना निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवलं, त्यात मधल्या फळीतले व्यवस्थापक होते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनंही तो एकटा जबाबदार नव्हता. पण तोवर तीन वर्षं उलटून गेली होती.

आणि यातला शेवटचा घोळ, यंत्र वर म्हणतं आणि माणूस खाली म्हणतो, हा पहिल्यांदा घडला नव्हता. दीडच वर्ष आधी, ३१ जानेवारी २००१ ला, जपानमध्ये हेच झालं होतं. शिकाऊ नियंत्रक, आणि त्याच्या मागे देखरेखीला एक स्त्री नियंत्रक. एक विमान वळत होतं, आणि वळणारं विमान संगणकाच्या सरळ रेषेच्या हिशोबात नीट बसत नाही, म्हणून पडद्यावरचा इशारा नेहमीपेक्षा उशिरा आला. घाईत शिकाऊ नियंत्रकानं एका विमानाच्या जागी दुसऱ्याला खाली यायला सांगितलं. त्या विमानातलं यंत्र वर जा म्हणत होतं. वैमानिक खाली आला. अगदी शेवटी डोळ्यांनी बघून त्यानं विमान वाचवलं. शंभरेक जण जखमी झाले, मेलं कुणी नाही. हा धडा जगभर वेळेवर पोचला असता, तर कदाचित युबरलिंगन टळलं असतं. यंत्राचं आधी ऐकायचं, हा नियम पुढे युबरलिंगननंतर स्पष्ट केला गेला.

जपानमधल्या त्या दोन नियंत्रकांवर खटला झाला. खालच्या न्यायालयानं २००६ मध्ये सोडलं. वरच्या न्यायालयानं २००८ मध्ये दोषी ठरवलं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. शिक्षा स्थगित, पण गुन्हेगार हा शिक्का कायम. देखरेख करणाऱ्या स्त्रीची शिक्षा शिकाऊपेक्षा जास्त. मला हे वाचून अस्वस्थ वाटलं. ती स्त्री होती म्हणून शिक्षा जास्त झाली, असं मी म्हणत नाही, ती वरिष्ठ होती. पण चूक सांगितली तर तुरुंग दिसणार असेल, तर पुढची नियंत्रक आपली चूक सांगेल का? विमानक्षेत्रात आता पुष्कळ देशांत असा मार्ग आहे, की हेतुपुरस्सर नसलेली चूक स्वतःहून कळवली तर शिक्षेच्या भीतीनं ती दडपावी लागत नाही. कारण टकरीच्या आधी शंभर वेळा थोडक्यात वाचलेलं असतं, आणि ते कळायला हवं असतं.

आणखी एक छोटी गोष्ट. २ जानेवारी २०२४, टोकियोचं हानेदा विमानतळ. भूकंपग्रस्तांना मदत घेऊन निघालेलं तटरक्षक दलाचं विमान परवानगीशिवाय धावपट्टीवर येऊन थांबलं होतं. नियंत्रकाच्या पडद्यावर इशारा उमटला होता, पट्टीचा रंग बदलला होता, सुमारे एक मिनिटभर. त्याला आवाज नव्हता. नियंत्रकाचं लक्ष गेलं नाही. उतरणारं प्रवासी विमान आदळलं, तटरक्षक विमानातले सहापैकी पाच जण गेले. प्रवासी विमानातले ३७९ जण जळत्या विमानातून बाहेर पडले, ते कर्मचाऱ्यांच्या शिस्तीमुळे. त्यानंतर चार दिवसांत सरकारनं तो पडदाच बघत बसायला एक माणूस नेमला. यंत्र आलं की माणसं कमी होतील, असं आपल्याला सांगतात ना? इथे यंत्राकडे लक्ष ठेवायला माणूस वाढवावा लागला.

आपल्याकडे ७ नोव्हेंबर २०२५ ला दिल्ली विमानतळाची संदेश-यंत्रणा बिघडली. आठशेहून अधिक उड्डाणं रखडली. लोक विमानतळावर ओरडत होते, आणि आत नियंत्रक एकेक उड्डाणयोजना हातानं भरत बसले होते. यंत्रणा मंदावत चालली आहे, हे त्यांच्या संघटनेनं काही महिने आधीच लेखी कळवलं होतं. माझी मैत्रीण त्या आठवड्यात फोनवर एवढंच म्हणाली, "हातानं करायची सवय अजून आहे, म्हणून निभावलं. नव्यानं भरती झालेल्यांना ती सवय राहील का, सांगता येत नाही."

आता आपल्या मसुद्याकडे येते. धोक्याचे प्रश्न विचारणं ही कल्पना चांगलीच आहे. अमेरिकेतल्या जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिकेनं १९८० च्या दशकात अशी प्रश्नावली तयार केली, मारहाण झालेल्या बायकांशी बोलून. त्यानं कधी गळा दाबला का, हा त्यातला एक प्रश्न. त्या प्रश्नानं मी स्वतः किती बायकांचं बोलणं मोकळं होताना पाहिलंय. नुसतं "त्रास देतो का" विचारलं तर बाई म्हणते, "नेहमीचंच." गळ्याचं विचारलं की ती गप्प होते, आणि मग सांगते. तेव्हा यादी हाताशी असणं म्हणजे नियंत्रकाच्या शेजारी दुसरे डोळे असणं आहे.

पण स्पेनचं उदाहरण बघा. तिथे २००७ पासून पोलिसांकडे संगणकाची अशी यंत्रणा आहे. बाई तक्रार देते, पोलीस उत्तरं भरतात, संगणक धोक्याची पातळी सांगतो. पोलिसाला ती पातळी वाढवायची मुभा आहे. बहुतेक वेळा तो वाढवत नाही, संगणकानं म्हटलं तेच ठेवतो. आणि धोका कमी म्हणून घरी पाठवलेल्या बायकांपैकी काहींचे नंतर खून झाले आहेत. यंत्राला वळण कळत नाही, हे जपानमध्ये बघितलं आपण. नवरा कालपर्यंत जसा होता तसाच राहील, असा त्याचा हिशोब असतो. बाईनं घर सोडायचं ठरवलं, की तो वळतो. तिथे ती खूण ओळखते ती समोर बसलेली बाई, आणि तिच्यासमोर बसलेली तुम्ही.

महाराष्ट्रात टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तेव्हापासून आपण हे काम करत आलो. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्या शेजारी बसली पाहिजे, ही त्यामागची भूमिका होती. ती खुर्ची मिळवायला किती वर्षं गेली, आणि आजही किती ठिकाणी त्या खुर्चीवर कंत्राटी, एकटी, पगार तीन-तीन महिने अडकलेली बाई बसते, ते तुम्ही मला सांगायला नको. रात्री मदतवाहिनीवर एकटी बसणारी आपल्यातली कोण आहे, हात वर करा. (अकरा हात वर.) झुरिकमध्ये एक होता.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की यंत्राला होकार देताना आपण अटी घालाव्यात. यंत्र बंद पडलं तर त्या क्षणी बसलेल्या बाईला कळलं पाहिजे, नंतरच्या बैठकीत नव्हे. लाल दाखवलं तर पोलीस ठाण्यात फोन कुणी उचलायचा, त्या माणसाचं पद लिहिलेलं पाहिजे. मर्यादा बदलली तर केंद्राला लेखी कळवलं पाहिजे. संगणक हिरवा म्हणतो आणि कार्यकर्तीला लाल वाटतं, तर कार्यकर्तीचं चालेल, आणि तसं केल्याबद्दल तिच्याकडे खुलासा मागितला जाणार नाही. उलट, संगणक लाल म्हणत असताना तिला हिरवं करायचं असेल, तर एकटीनं नाही, दुसरीशी बोलूनच. यावर आपल्यात मतभेद होतील, मला माहीत आहे. काल संध्याकाळीच झाले.

तुमच्या हातात मसुद्याची प्रत आहे. तिसरं पान काढा. खालून चौथी ओळ: "अंतिम निर्णयाची जबाबदारी समुपदेशकाची राहील." आता त्याच पानावर शोधा, एका वेळी केंद्रात किमान किती जणी असतील, हे कुठे लिहिलंय. मी काल रात्री सगळी पानं पाहिली, मला सापडलं नाही. जेवणाआधी तासभर आहे. चार-चारच्या गटांत बसू, आणि त्या ओळीच्या आधी काय यायला हवं, ते लिहून काढू.